न टिकणारी शिल्पे

आमच्या शाळेच्या अंगणात देशी बदामाचे एक झाड आहे. डिसेंबर सरत आला की त्याची पाने रंग बदलू लागतात. आधी हिरव्यात पिवळे डाग पडतात, मग पान नारिंगी होते, मग विटकरी. गळण्याआधी काही पाने तर अशी लालभडक होतात की पहिल्या तासाला निम्मा वर्ग खिडकीबाहेरच बघत बसतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची, कोकणातल्या एका खाडीकाठची. मी तिथे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. मागच्या वर्षी जानेवारीत मराठीच्या तासाला मी आठवीला बाहेर काढले. लाल रंगाला मराठीत किती नावे आहेत ते शिकवायचे होते. तांबडा, विटकरी, शेंदरी, डाळिंबी, किरमिजी अशी यादी फळ्यावर लिहून काही उपयोग होत नाही, हे इतक्या वर्षांत कळून चुकले आहे.

मुलांना एवढेच सांगितले की गळलेली पाने गोळा करा आणि सगळ्यात हिरव्या पानापासून सगळ्यात लाल पानापर्यंत ओळीने लावा. ओळ लांबत गेली. अंगण पुरेना, तेव्हा एका मुलीने ती वळवली. वळता वळता झाडाच्या बुंध्याभोवती वेढा झाला, मग दुसरा, मग तिसरा. बाहेरून हिरवा आणि बुंध्यापाशी लाल. “हे पान डाळिंबी की किरमिजी?” यावर दोन मुलांचे भांडण झाले. मला हवे होते ते भांडण हेच. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीतले सगळे पाहायला आले. मुख्याध्यापक म्हणाले, “शनिवारी पालकसभा आहे, तोवर राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण स्वच्छ होते. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “टीचर, काल पोरांनी केवढा कचरा करून ठेवला होता!” त्यांची काहीच चूक नव्हती. दोन मुली रडवेल्या झाल्या. पण एक मुलगा झाडाकडे बघून म्हणाला, “रात्री आणखी पडलीत. परत करू या?”

त्या मुलाचे हे वाक्य ऐकले आणि मला एका माणसाची आठवण झाली. तो आयुष्यभर हेच करत आला आहे. त्याचे नाव अँडी गोल्ड्सवर्दी. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने मला त्याच्यावरचा ‘रिव्हर्स अँड टाइड्स’ हा माहितीपट दाखवला होता. थॉमस रीडेल्सहायमर या जर्मन दिग्दर्शकाचा हा माहितीपट २००१ मधला. त्यात एक माणूस कडाक्याच्या थंडीत, पहाटेच्या अंधारात, उघड्या हातांनी बर्फाच्या कांड्या मोडतो आणि त्या एकमेकींना चिकटवतो. चिकटवायला काय, तर पाणी आणि थुंकी. गोठेपर्यंत तशीच धरून ठेवायची. ऊन वर आले की त्या कांड्या झळाळून उठतात, आणि तेच ऊन पुढे त्यांना वितळवून टाकते. माझ्या अम्मी शेजारी बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “याला घरी काही काम नाही का?” तेव्हा मीही हसले होते.

गोल्ड्सवर्दींचा जन्म १९५६ चा, इंग्लंडमधल्या चेशर परगण्यातला. वाढले लीड्स शहरात. वडील तिथल्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. मुलगा मात्र तेराव्या वर्षापासून शेतांवर मजुरीला जाऊ लागला. आपले बरेचसे काम बटाटे वेचण्यासारखे आहे, असे ते सांगतात. वाकायचे, उचलायचे, पुढे सरकायचे. एकदा लय सापडली की हात आपोआप चालतो. पुढे ते प्रेस्टनच्या पॉलिटेक्निकमध्ये कला शिकले. तिथे असताना वर्गात बसण्याऐवजी मोरकॅम्बच्या उपसागरावर जाऊन वाळूत आणि दगडांत काम करू लागले. त्या उपसागराची ओहोटी फार लांबवर जाते आणि भरती फार वेगाने येते. म्हणजे कलेचा पहिला धडा त्यांना समुद्राने दिला असे म्हणायला हरकत नाही. पुढे ते स्कॉटलंडमधल्या पेनपाँट या छोट्या गावात स्थायिक झाले.

त्यांची कामाची रीत अशी. सकाळी बाहेर पडायचे. जिथे जायचे तिथे जे पडलेले असेल तेच घ्यायचे: पाने, काटक्या, दगड, पाकळ्या, पिसे, चिखल, बर्फ. अशा कामात डिंक नाही, खिळा नाही, रंगही नाही. पाने जोडायला काटे किंवा गवताच्या काड्या. पाकळ्या दगडावर चिकटवायला नुसते पाणी. खसखशीच्या जातीच्या लाल फुलांच्या पाकळ्या ओल्या करून त्यांनी अख्खा धोंडा मढवला आहे. पाहणाऱ्याला वाटावे दगडच आतून लाल आहे. पाने काट्यांनी जोडून त्यांची लांबच लांब माळ करून ती ओढ्यात सोडायची आणि पाणी तिला कुठे नेते ते पाहत राहायचे. पाऊस सुरू होताच जमिनीवर आडवे पडायचे आणि आजूबाजूची जमीन भिजली की उठायचे. मागे कोरड्या जमिनीवर माणसाच्या आकाराची सावली उरते आणि पुढच्या काही क्षणांत पाऊस तीही पुसतो. काम झाले की एक फोटो. तो फोटो तेवढा उरतो.

त्यांचे सगळेच काम असे क्षणभराचे नाही. न्यूयॉर्कजवळच्या स्टॉर्म किंग कला-उद्यानात त्यांनी १९९७-९८ मध्ये एक दगडी भिंत उभी केली, २,२७८ फूट लांबीची. चुना नाही, सिमेंट नाही. झाडांमधून नागमोडी वळत, कुठल्याच झाडाला धक्का न लावता, ती खाली तळ्यात शिरते आणि पलीकडच्या काठावर पुन्हा बाहेर येते. ती अजून आहे. आणि दुसरीकडे २१ जून २००० रोजी, ऐन उन्हाळ्यात, त्यांनी लंडनच्या रस्त्यांवर बर्फाचे तेरा अवाढव्य गोळे ठेवले. स्कॉटलंडच्या हिवाळ्यात वळलेले हे गोळे शीतगृहात जपून ठेवले होते. कामावर जाणारी माणसे थबकली. गोळे वितळू लागले तशी त्यांच्या पोटातली गुपिते बाहेर आली; कुणात लोकर, कुणात फांद्या, कुणात फळे, कुणात काटेरी तार.

या वाटेवर ते एकटे नाहीत. १९६७ मध्ये रिचर्ड लाँग हा इंग्लंडमधला कला-विद्यार्थी लंडनहून आगगाडीने बाहेर पडला आणि एका कुरणात एकाच सरळ रेषेत पुन्हा पुन्हा चालत राहिला. गवत दबले, रेषा उमटली, तिचा त्याने फोटो काढला. बस, एवढेच. आज कलेच्या इतिहासात त्या रेषेचे नाव घेतले जाते. अमेरिकेत त्याच सुमाराला काही कलावंत ट्रक आणि बुलडोझर लावून डोंगर-तळ्यांत प्रचंड कामे करत होते. मला ती तितकीशी भावत नाहीत. लाँग यांचे मात्र आपल्याशी एक नाते आहे. डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते वारले) आणि लाँग यांनी एकत्र काम केले. लाँग वारली मुलखात येऊन राहिले, तिथल्याच मातीत त्यांनी आपल्या रेषा आणि वर्तुळे केली, आणि २००३ मध्ये जर्मनीतल्या डसेलडॉर्फ शहरात दोघांचे प्रदर्शन शेजारी शेजारी लागले. वारली बायका लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक काढतात तोही कायम ठेवण्यासाठी नसतोच. लग्न उरकते, भिंत पुन्हा सारवली जाते.

हे सगळे वाचत गेले तसे माझ्या लक्षात आले की आपल्या घरातही हे होतेच, फक्त आपण त्याला कला म्हणत नव्हतो. माझी दादी पावसाळ्याआधी पत्रावळी लावायची. पानावर पान ठेवून बारीक काडी अशी खुपसायची की वर टोक दिसू नये आणि कालवण खाली गळू नये. पान वाळले असेल तर आधी पाणी शिंपडायची. गोल्ड्सवर्दींची पानांची माळ पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा दादीची बोटे आठवली. माडाच्या झावळीच्या पिपाण्या आणि चक्र्या आम्ही सगळ्यांनी केल्या आहेत. ओल्या वाळूत पाय खुपसून, वरून थापटून, पाय अलगद काढून घर करायचे. उर्दूत त्याला घरौंदा म्हणतात. फार गोड शब्द आहे. घर आहे, पण राहण्यासाठी नाही.

तर, मुलांना पुळणीवर नेऊन दिवसभर असेच काही करायचे ठरवले. आणि इथे माझ्याच हातून घोटाळा झाला.

पालकांच्या परवानगीची चिठ्ठी मी दोन्ही भाषांत काढली. मराठीत लिहिले, ‘समुद्रकिनारी नैसर्गिक वस्तूंपासून शिल्पे तयार करणे’. उर्दूत शब्दकोशाला धरून लिहिले, ‘मुजस्समा साजी’. मराठीतल्या ‘शिल्प’ या शब्दाच्या पोटात कितीतरी गोष्टी मावतात. हस्तकलाही शिल्प, मंदिर-मशिदीचे बांधकामही शिल्प. पण ‘मुजस्समा’ हा शब्द ‘जिस्म’वरून आलेला. जिस्म म्हणजे देह. आमच्या घरांत तो शब्द ऐकला की डोळ्यांसमोर पुतळाच उभा राहतो. वीस वर्षे भाषा शिकवणाऱ्या बाईने एवढे ध्यानात घ्यायला नको होते का?

चार चिठ्ठ्या सहीविना परत आल्या. एका मुलीचे आजोबा स्वतः शाळेत आले. अंगण वळवणारी ती मुलगी, हीच. आजोबा सत्तरीचे, हात खरबरीत, आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच मला अधिक भीती वाटली. म्हणाले, “टीचर, पोरगी तुमच्या वर्गात आहे, तुम्हाला मान आहे. पण बुत घडवायला मी तिला पाठवणार नाही. टीव्हीवर दाखवतात ना, वाळूच्या मोठमोठ्या मूर्ती, तसलेच ना हे?” ओडिशाच्या पुरीच्या किनाऱ्यावर सुदर्शन पटनायक करतात ती वाळूशिल्पे त्यांच्या मनात होती. मी म्हटले, “चाचा, यात चेहरा नाही, माणूस नाही, जनावर नाही. पानांचे गोल, दगडांच्या रचना, वाळूतल्या रेषा.” ते म्हणाले, “मग चिठ्ठीत तसे का नाही लिहिले?”

याला उत्तर नव्हते. मी माफी मागितली.

मनात मात्र माझ्याही थोडे होते. मी काही आलिमा नाही. म्हणून आमच्या मशिदीच्या पेशइमाम साहेबांना नीट विचारले. त्यांनी सांगितले की मनाई आहे ती सजीवांच्या प्रतिमांना. झाडे, पाने, डोंगर, निर्जीव वस्तू यांचे चित्र किंवा रचना करण्यास बहुतेक उलेमांची हरकत नाही. आणि हे तर आपल्याला डोळ्यांनी दिसतेच. विजापूरचा इब्राहिम रोजा पाहिलेल्या कुणालाही विचारा. पानवेली, भूमितीच्या आकृत्या, अक्षरे यांतून कारागिरांनी दगडाची जाळी केली आहे, कुठेही चेहरा न काढता. पेशइमाम साहेबांनी शेवटी एक प्रश्न मला विचारला, “पण हे केल्यावर मुलांना मिळणार काय?” मी म्हटले, नक्की सांगता येणार नाही. ते हसले. म्हणाले, “मग करून बघा.”

नवी चिठ्ठी काढली. उर्दूत साधे लिहिले: पाने, वाळू आणि दगड यांच्यापासून नमुने बनवणे. कुठल्याही जानदाराची आकृती केली जाणार नाही. तीन पालकांनी सही दिली. आजोबांनी सही दिली नाही, म्हणाले, “मी स्वतः बरोबर येतो.”

आता दिवस ठरवायचा होता, आणि या कामात दिवस ठरवणे हीच निम्मी कला आहे. ओहोटी लागलेली असताना काम सुरू व्हायला हवे आणि मुले थकायच्या आत भरती यायला हवी. आमच्याकडच्या जुन्या खलाशांचा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. आपला चांद दिसतो तो साधारण द्वितीयेला, म्हणून चांदाच्या तारखेत एक मिळवायचा. चांदाची चार असेल तर पाच. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याआधी सहा-सव्वासहा तास, साडेनऊला, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा उलटली की तारखेतून पंधरा वजा करून हाच हिशेब. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्याचे हे गणित. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी खूप वर चढते. सप्तमी-अष्टमीला भांग, पाणी सुस्त. हिशेब ढोबळ आहे, गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मोबाइलवर वेळा मिळतात, त्या पाहून घ्याव्यातच. पण मुलांनी हे गणित वर्गात फळ्यावर सोडवले तेव्हा पहिल्यांदाच त्यांना कॅलेंडरवरची चांदाची तारीख ईद-रमजानपलीकडे कशाला लागते ते कळले. गणिताचे सर खूश झाले.

चांदाची चार रविवारी येत होती. साडेनऊला एकतीस मुले, दोन आया, एक आजोबा आणि मी पुळणीवर पोहोचलो. नियम तीनच. झाडावरचे काही तोडायचे नाही. घरून काही आणायचे नाही. पाण्याकडे पाठ करून बसायचे नाही. हा तिसरा नियम खडपाजवळ काम करताना फार महत्त्वाचा. चढते पाणी मागून वळसा घालून येते आणि मुलांना कळतही नाही.

पहिला तास वाया गेला असे मला वाटले. मुले नुसती हुंदडली. मुलगे किल्ले करू लागले, कारण तेवढेच ठाऊक. मी काही बोलले नाही. मग हळूहळू गट पडले. एका गटाने सुरूच्या बनातून वाळलेल्या सुया आणि बारीक बोंडे आणून वाळूवर किरणांसारखी मांडली. दोन मुलींनी करवंदाच्या जाळीखाली पडलेले काटे वेचून आणले होते. त्यांनी उंडीची पाने काट्यांनी जोडून माळ केली. पहिल्यांदा काटा आडवा घातला तर पान फाटले. शिरेला धरून घातल्यावर टिकले. हे मी शिकवले नाही. कुणीच शिकवले नाही. एका मुलाने ओल्या वाळूवर टाचेने एक वळणावळणाची रेघ ओढली, आणि तासभर तीच ओढत राहिला, चाळीस-पन्नास पावले लांब.

शिंपले आणि शंख गोळा करणाऱ्या गटाची मात्र फजिती झाली. त्यांनी लहानापासून मोठ्यापर्यंत शंखांची सुंदर चक्री मांडली. पाच मिनिटांनी पाहतात तर चक्रीचा मधला भाग चालू लागला होता! रिकाम्या शंखात घर करणारे खेकडे होते ते. मुले हसून लोळली. पण मला माझी चूक उमगली. असा रिकामा शंख म्हणजे कुणाचे तरी घर असते, किंवा उद्या होणार असते. सगळे शंख जिथले तिथे नेऊन ठेवायला लावले. आपल्या कोकणाच्या काही किनाऱ्यांवर, वेळासला तर ते प्रसिद्धच आहे, थंडीत समुद्री कासवे अंडी घालतात. तिथे वाळू उकरण्याआधी गावातल्या जाणत्यांना विचारावे. नदी-ओढ्यातले धोंडेही उगाच उपटू नयेत, त्यांच्या खाली पाण्यातल्या किड्यांची आणि माशांच्या पिल्लांची वस्ती असते. हल्ली पर्यटनाच्या ठिकाणी दगडावर दगड रचून फोटो काढायची लाट आहे. फोटो काढून माणसे निघून जातात आणि मनोरे तसेच राहतात. गोल्ड्सवर्दींचे नाव सांगून हे करणाऱ्यांचा मला राग येतो.

खडपाच्या बाजूला काळ्या गोट्यांचा पट्टा होता. तिथे आजोबांच्या नातीचा गट दगडांचा कळस करत होता. खाली निमुळता, पोटाशी फुगलेला, वर पुन्हा निमुळता, मोठ्या अंड्यासारखा. माहितीपटातली चित्रे मी वर्गात दाखवली होती. त्यात गोल्ड्सवर्दी कॅनडाच्या किनाऱ्यावर असाच कळस रचतात आणि तो पुन्हा पुन्हा कोसळतो. ते क्षणभर गप्प बसतात, खांदे पाडतात, मग पुन्हा पहिल्या दगडापासून सुरुवात करतात. प्रत्येक वेळी दगड थोडा अधिक कळतो, अशा अर्थाचे काहीतरी ते म्हणतात. मुलांचा कळस कमरेइतका झाला आणि कोसळला. दुसऱ्यांदा गुडघ्यालाच बसला. तिसऱ्यांदा कोसळला तेव्हा एका मुलाने दगडाला लाथ मारली आणि अंगठा ठेचून घेतला.

आजोबा सुरूच्या सावलीत बसून होते. ते उठून आले. मला माहीत नव्हते, पण या माणसाने चाळीस वर्षे गडगे घातले होते. कोकणातल्या बागांच्या कडेने जे मातीविना, सिमेंटविना रचलेले दगडी बांध असतात, ते गडगे. त्यांनी कळसाकडे पाहिले आणि नातीला म्हणाले, “दगड बघून लावतेस की उचलून लावतेस?” मग खाली बसून दाखवले. एक दगड दोन दगडांवर बसला पाहिजे. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. दगडाचे लांब अंग बाहेर ठेवायचे नाही, आत घालायचे, म्हणजे वरचे वजन त्याला धरून ठेवते. पोकळी राहिली तर बारीक कपची आतल्या बाजूने ठोकायची, बाहेरून नाही. आणि दगड हातात घेतला की फिरवून पाहायचा, त्याला स्वतःला कुठे बसायचे आहे ते. “खाली ठेवलेला दगड दुसऱ्यांदा उचलायचा नाही,” ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, “आम्हाला जमत होते तेव्हा.”

आता त्यांच्याकडे गडग्याचे काम येत नाही. लोकांना सिमेंटचे कुंपण हवे असते. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, दगड निवडता निवडता सांगितले. मी त्यांना मोबाइलवर त्या २,२७८ फुटी भिंतीचा फोटो दाखवला. बराच वेळ पाहिला. बोटांनी मोठा करून सांधे पाहिले. “हे इंग्रजांचे काम?” “हो. त्यासाठी ब्रिटनमधून खास गवंडी नेले होते.” ते म्हणाले, “वळणावर चांगले घातलेय.” यापेक्षा मोठी दाद कुठल्या टीकाकाराने दिली असेल असे मला वाटत नाही.

एक वाजेपर्यंत कळस नातीच्या खांद्याइतका झाला. शेवटचा दगड तिने एकटीने ठेवला. जेवणे झाली, जोहरची नमाज तिथेच सुरूच्या बनात झाली. पाणी हिशेबापेक्षा अर्धा तास आधीच आले. सगळ्यात आधी टाचेची रेघ गेली. मग सुरूच्या सुयांचे किरण तरंगले आणि पसरले. उंडीच्या पानांची माळ मात्र पाण्यावर उचलली गेली आणि न तुटता, वळणे घेत, बराच वेळ हेलकावत राहिली. त्या दोन मुली तिच्या बाजूने किनाऱ्यावरून चालत होत्या. कळसाभोवती पाणी फिरले. मुले ओरडत होती, पडला, पडला. तो पडला नाही. पाणी पोटापर्यंत आले, मग खांद्यापर्यंत, मग वरचा एकच दगड दिसत राहिला, मग तोही नाही. तो पाण्याखाली उभा होता की पडला होता, आम्हाला दिसले नाही. ओहोटीपर्यंत थांबणे शक्य नव्हते.

सोमवारी मुख्याध्यापकांनी विचारले, “प्रदर्शनात काय ठेवायचे?” माझ्याकडे सात-आठ फोटो होते, त्यांतही निम्मे हललेले. शाळेला भिंतीवर टांगायला काहीतरी हवे असते, आणि मला त्यांचे म्हणणे कळते. पालकसभेला येणाऱ्यांना दाखवायचे काय? मी मुलांना या दिवसावर मराठीत लिहायला सांगितले होते. ती वही ठेवली. बहुतेकांनी ‘खूप मजा आली’वर भागवले होते. त्या मुलीचे मराठी कच्चे आहे, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. तिने चारच ओळी लिहिल्या होत्या. त्यातली एक अशी की पाण्याने आधी आतली बारीक वाळू नेली, मग दगड हलला. पाण्याचे काम इतके नेमके मी स्वतः पाहिले नव्हते. शुद्धलेखनाचे गुण मात्र कापले, ते कापावेच लागतात.

तुमच्याकडे समुद्र नसेल तर अडू नका. पावसाळ्यात गच्चीवर साचलेल्या पाण्यात पाने सोडता येतात. पळस-सावर फुलली की झाडाखालच्या फुलांचा सडा आहेच. शहरातल्या बागेत वाळक्या पानांचा ढीग असतो. माळ्याला आधी विचारून घ्या, आणि झाडलोट करणाऱ्यांनाही सांगून ठेवा, हा आमचा धडा. मुलांना नमुना दाखवू नका, नाहीतर सगळी तेच करतात. मोबाइल एकाच मोठ्या माणसाकडे असू द्या आणि शेवटीच बाहेर काढा. पहिल्या तासात काहीच होणार नाही. तेवढा तास तुम्हाला निघाला पाहिजे.

गेल्या आठवड्यात ती मुलगी मधल्या सुट्टीत आली. म्हणाली, “टीचर, दादांनी विचारलंय, यंदा कुठली तारीख धरताय? त्यांना आधीच जाऊन गोटे निवडून ठेवायचेत.” तिने स्वतः भरतीची वेळ काढून आणली होती. एक मिळवायचा विसरली होती.